होळीच्या रजेचा रकाना

आबा, तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली आणि आज मला तुमचा ओरडा हवा आहे.

मी शहाद्याजवळच्या केळीच्या पॅकिंग हाऊसमध्ये असते. कामावर कोणाला घ्यायचं, ती यादी माझ्याकडे. पूर्वी नाव आणि शिक्षण विचारलं की भागायचं. आता मोबाइलवरच्या फॉर्मात गाव, घरी बोलायची भाषा, लग्न, मुलं, सगळं भरून घेतो. शेवटचा प्रश्न मीच सुचवला: होळीला किती दिवस रजा लागेल? मालक खूश झाले. जास्त दिवस लिहिणारे सगळे सातपुड्यातले निघतात, आणि एक बटण दाबलं की यादीतून जातात. कोणाच्या पोटावर पाय देतोय असं वाटतसुद्धा नाही.

तुम्ही जिनिंगमध्ये मुकादम होतात तेव्हाही पहाडातले मजूर होळीला आठ-आठ दिवस जायचे. शेठ कुरकुरले की तुम्ही म्हणायचात, "शेठ, त्यासनी होळी शे. आपण दिवाळीले घर ऱ्हातस ना?" आणि स्वतः कापसाच्या ढिगात उतरायचात. संध्याकाळी तुमच्या भुवयांवरचा कापूस वेचायला मला फार आवडायचं. एकदा होळीहून परत आलेल्या बाईला मी मुकादमाच्या लेकीच्या ऐटीत विचारलं, "इतला दिन का बरं लागनात?" तुम्ही सगळ्यांदेखत दटावलंत, "तिले काय इचारस? आधी पानी दे." मी रडले, तरी तुम्ही समजूत काढली नाहीत. तो आवाज पुन्हा एकदा कानावर पडावा म्हणून आता जीव तुटतो, आबा.

परवा धडगावकडची एक मुलगी आली. बारावी झालेली, हात इतका हलका की केळीच्या फणीला डाग पडत नाही. फॉर्मात लिहिलंय, आठ दिवस. मी हळूच म्हटलं, "एक लिही, मग बघू." ती म्हणाली, "मॅडम, खोटं कसं लिहू? होळीला घरी जावंच लागतं." मला तिचा रागच आला. एक आकडा बदलायला काय जातं? मग सुचलं, तो प्रश्नच मी काढू शकते, मालकांशी दोन शब्द बोलू शकते. तुम्ही बोलला असतात. मी तोंड उघडलं नाही.

आज तिचा फोन आला. हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मी तिला म्हटलं, जागा भरली. आबा, जागा अजून रिकामी आहे.