पुराव्याचा फोटो

५ ऑगस्ट

मीटिंगला उशिरा पोचले, त्याची शिक्षा — ऑनलाइन सुरक्षेचं घोंगडं माझ्या गळ्यात! नववीचा वर्ग आणि तपासायचे पेपर काय कमी होते? मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या की त्यात फारसं काही नसतं, एक फलक लावला की झालं. फलकावर माझं नाव.

९ ऑगस्ट

दिवसभर प्रशिक्षण. कंबर गेली. वकीलबाई छान बोलत होत्या. मुलांना ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द द्यायचा नाही. आणि मुलांच्या लैंगिक छळाचं कळूनही पोलिसांना कळवलं नाही, तर गुन्हा आपल्यावर. जेवणानंतर मात्र मला डुलकी लागली. सायन्सच्या सरांनी कोपराने ढोसलं तेव्हा टाळ्या चालू होत्या.

१८ ऑगस्ट

मधल्या सुट्टीत माझ्या वर्गातली एक मुलगी आली. तिचं नाव इथेही लिहीत नाही. कुणीतरी तिचा चेहरा लावून घाणेरडा खोटा फोटो बनवलाय. पाठवणाऱ्याला ती ओळखत नाही. स्वतःचे खरे फोटो दे, नाहीतर हा सगळीकडे टाकतो म्हणतो. रडतसुद्धा नव्हती, नुसती नखं कुरतडत होती.

“बाई, कुणाला सांगू नका ना. बाबा माझी शाळा बंद करतील.”

सांगावं लागेल म्हटलं. तिचं तोंड एवढंसं झालं.

“मग मी तुमच्याकडे कशाला आले?”

तो फोटो माझ्या फोनवर घेतला आणि मोठ्या बाईंना पाठवून दिला. आमच्याकडे कशाचाही पुरावा म्हणजे फोटो — झाडलेला वर्ग, भरलेली टाकी, लावलेला फलक. हात सवयीनेच चालला.

१९ ऑगस्ट

मोठ्या बाईंचं म्हणणं — वर्गातलाच कुणी टवाळ असेल, समज देऊ, बभ्रा नको. मी कायद्याचं काढलं तर म्हणाल्या, मला शिकवू नका. घरी नवऱ्याचंही तेच, नसत्या भानगडीत पडू नकोस. त्याच्यावर इतकी चिडले की दूध उतू गेलेलं कळलं नाही.

२० ऑगस्ट

तिच्या आईला बोलावून घेतलं आणि दोघी पोलिसांत गेलो. आई वाटभर पदराशी चाळा करत होती. तिथल्या अधिकारी बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, तुम्ही फोटो पाहिलात कुठे? मी आपली सरळ सांगून मोकळी झाले.

त्यांनी पेन खाली ठेवलं. “मॅडम, मुलीचा असा फोटो स्वतःकडे घेणं, पुढे पाठवणं, हाच गुन्हा आहे. तिच्या फोनवर होता तसाच राहू द्यायचा होता.”

माझा फोन तिथेच जमा. मोठ्या बाईंचाही घेणार आहेत. जेवणानंतर वकीलबाईंनी हेच सांगितलं असणार! हसावं की रडावं कळेना.

२३ ऑगस्ट

ती शाळेत येत नाही. मोठ्या बाई माझ्याशी बोलत नाहीत. मी आत गेले की शिक्षकांच्या खोलीतली कुजबुज थांबते. माझी चौकशी लागणार म्हणे. नोकरी गेली तर? थकले मी.

२९ ऑगस्ट

ती आली! हजेरी घेताना ‘हजर’ म्हणाली नाही, नुसता हात वर केला. तासभर माझ्याकडे बघितलं नाही. माझं काय चुकलं ते मला कळतं, पण पोलिसांत जाणं चुकलं असं अजूनही वाटत नाही. तरी फार लागलं मनाला.

२ सप्टेंबर

ऑनलाइन सुरक्षेच्या कामातून मला मोकळं केलं. शिपायाने फलक उतरवला. हुश्श वाटायला हवं होतं.

४ सप्टेंबर

मधल्या सुट्टीत आठवीच्या दोघी दारात उभ्या, त्यांच्या मागे दहावीची एक. तिघींनाही तोच माणूस धमकावतोय, त्याच नावाने. म्हटलं, हे काम आता माझ्याकडे नाही, मोठ्या बाईंकडे जा. एकही हलली नाही. तुम्हाला माझ्याकडे कुणी पाठवलं, असं विचारलं तर तिचंच नाव.

“ती म्हणाली, याच बाईंकडे जा. या गप्प बसत नाहीत.”