गोळीला नंबर पाठ नव्हते

प्रिय आई,

आज संध्याकाळी शिंदे काकूंचा आपल्या जुन्या कॉलनीतून, दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरहून फोन आला. दिवाळीच्या आधी काका गेले, हे तुला सांगायचं राहूनच गेलं. काकूंनी आधी माझ्या खोकल्याची चौकशी केली, मग जेवणाची, मग थोडं थांबून म्हणाल्या, "पमू, संक्रांत आली रे पुढच्या आठवड्यात. या वर्षी मला अजून कुणाचंच बोलावणं नाही."

मी म्हटलं, "काकू, उद्या सांगतो." काय सांगणार होतो, देव जाणे! फोन ठेवला तेव्हापासून घरात येरझाऱ्या घालतो आहे. माझा स्वभाव तुला माहीत आहे. शेवटी तुझी गोळ्यांची वही काढली. तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर हे लिहितो आहे. हसू नकोस, समास सोडला आहे.

आठवतं, ही वही का सुरू झाली? गाझियाबादच्या या फ्लॅटमध्ये येऊन आपल्याला सहा महिनेही झाले नव्हते. सरकारी क्वार्टर सोडून स्वतःच्या घरात आल्याचा तुला इतका आनंद होता, की भिंतींचा रंग वाळायच्या आधी तू पडदे लावलेस. आणि मग तो आजार कळला. दर तीन आठवड्यांनी केमो. सलाइनबरोबर आणखी एक औषध द्यायचे, त्याने तुझी झोप पार उडायची. म्हणून डॉक्टरांनी ती छोटी पांढरी गोळी लिहून दिली. पहिल्या दिवशी तू अशी गाढ झोपलीस, की मी तीनदा उठून तुझा श्वास चालू आहे ना ते पाहिलं.

चौथ्या दिवशी सकाळी मी डबा उघडला तर आत सोळा पोळ्या! सगळ्या गोल, सगळ्यांना तूप लावलेलं, गॅस बंद केलेला. तू विचारलंस, "कुणी केल्या रे?" मला वाटलं चेष्टा करते आहेस. पण तुला खरंच काही आठवत नव्हतं. त्या दिवसापासून मी झोपण्याआधी सिलिंडरच बंद करायला लागलो.

मग काय काय झालं! पडद्यावरून छोटी छोटी माणसं छत्र्या घेऊन चालली आहेत, त्यांना पाणी विचार, म्हणून तू माझ्यामागे लागलीस. एकदा मला तुझ्या ऑफिसातल्या शिपायाच्या नावाने हाक मारलीस आणि हातात उशी देऊन म्हणालीस, "रामस्वरूप, ये फाइल बड़े साहब के पास ले जाओ. और रुकना, साइन करवा के लाना." मी उशी घेऊन दुसऱ्या खोलीत गेलो, दोन मिनिटं उभा राहिलो आणि परत आणली. तू तपासलीस आणि समाधानाने झोपलीस. सकाळी हे सांगितलं तेव्हा किती हसलो आपण! तू हसता हसता खोकायला लागलीस आणि मी घाबरलो.

मी मार्केटमधल्या पीसीओच्या फोनबूथवर बसतो. तिथे प्रत्येक फोनची वेळ लिहायची सवय लागलेली. तीच घरी आणली. वहीत चार रकाने आखले: गोळी किती वाजता घेतली, आडवी किती वाजता झाली, झोप कधी लागली, आणि विशेष. पहिल्या पानावर मी 'रुग्णाचे नाव' असं लिहिलं होतं. तू ते खोडून वर लिहिलंस, 'आई'. ती खाडाखोड अजून आहे. या वहीतली एकुलती एक.

दुसऱ्या केमोला ती वही मी डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी दोन पानं उलटली, चष्मा वर केला आणि विचारलं, "ये किसने लिखा है? डॉक्टरी पढ़ रहे हो?" मी बोलायच्या आत तू म्हणालीस, "मेरा बेटा है. बारहवीं में अटक गया, साहब, पर इसके लिखे में एक मात्रा की गलती निकालकर दिखाइए."

आई, ते 'अटक गया' सांगायलाच हवं होतं का? मी तुझ्याकडे दिवसभर पाहिलं नाही. पण घरी आल्यावर तू हीच गोष्ट समोरच्या सूद आंटींना सांगितलीस, मग दूधवाल्याला, मग फोनवर शिंदे काकूंना. दर वेळी माझी वही जास्त मोठी होत गेली आणि 'अटक गया' लहान होत गेलं. शेवटी तर ते उरलंच नाही!

वहीतून एक गोष्ट डॉक्टरांच्या लक्षात आली. गोळी घेऊन तू लगेच आडवी झालीस, की काही होत नव्हतं. बसून राहिलीस, की हे सगळे खेळ. ते म्हणाले, "माताजी, गोली बिस्तर में. खाओ और लेट जाओ." तू मान डोलावलीस. आणि घरी येऊन काय केलंस? गोळी खुर्चीत बसून घ्यायचीस आणि मालिका संपेपर्यंत तिथेच बसायचीस. मी ओरडलो की म्हणायचीस, "अरे, त्या सुनेचं काय होतंय ते बघू दे, मग झोपते." इतकी वर्षं ऑफिसातल्या सेक्शनमध्ये सगळ्यांना नियम दाखवणारी बाई तू!

आणि मग तो जानेवारीतला मंगळवार. वहीत लिहिलं आहे: गोळी नऊ वाजता, आडवी दहा वाजून पाच मिनिटांनी. मधल्या तासाभरात मी खाली पाण्याची मोटर बघायला गेलो होतो. 'विशेष'चा रकाना कोरा होता. तो सकाळी भरला.

सकाळी शिंदे काकूंचा फोन. "पमू, आईला विचार, वाण काय देणार आहे?"

"कसलं वाण, काकू?"

"अरे, रविवारच्या हळदीकुंकवाचं! काल तिनेच तर फोन केला. अकरा घरी केलाय म्हणे. आम्ही व्हॅन ठरवतोय."

हळदीकुंकू, आणि तू?

बाबा गेले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. त्यांच्या जागेवर तुला नोकरी मिळाली आणि आपण कॉलनीतच राहिलो. दर संक्रांतीला प्रत्येक मराठी घरी हळदीकुंकू व्हायचं आणि तिळाच्या वड्या तुझ्याकडूनच थापून घ्यायचे, कारण तुझा पाक कधी चुकत नसे. तू स्वयंपाकघरात बसून वड्या कापायचीस. बाहेरच्या खोलीत कुंकू लागायचं, वाण लुटलं जायचं, हसणं चालायचं. तू कधी बाहेर गेली नाहीस आणि तुला कधी कुणी हाक मारली नाही. मी तुझ्याजवळ बसून वड्यांचा चुरा खायचो. मला वाटायचं, तुला तिथेच आवडतं!

मी तुला उठवून विचारलं. तू एवढंच म्हणालीस, "मी? अकरा घरी?" आणि भिंतीकडे तोंड केलंस.

आता माझी चूक सांगतो. तू हे सगळं जाणतेस, पण मी कधी तोंडाने कबूल केलं नाही. मला वाटलं, तुझं हसं होईल. आजारी, डोक्यावर केस नाहीत, नवरा नाही, आणि हळदीकुंकू करते आहे! मी पीसीओवर गेलो आणि तुझ्या चोरून एकेकीला फोन लावले. "काकू, मनावर घेऊ नका, आईला ते गोळीमुळे झालं. साइड इफेक्ट आहे." चार फोन झाले. तिघी नुसतं "बरं" म्हणाल्या. चौथी म्हणाली, "सांगितलंस ते बरं केलंस. मला वाटलंच, तिला असं सुचेल कसं?"

पाचवा नंबर मला फिरवता आला नाही.

जेवायला घरी आलो तर तू खुर्चीत ताठ बसलेली, डोक्याला ऑफिसात जाताना बांधायचीस तो निळा रुमाल. शिंदे काकूंनी तुला सगळं कळवलं होतं.

"पमू, कुणाकुणाला फोन केलेस?"

"चौघींना."

"काय सांगितलंस?"

"गोळीमुळे झालं म्हणून. खरंच आहे ना, आई? तुला आठवतंय का काही?"

"नाही आठवत," तू म्हणालीस. "पण मला एक सांग. गोळीला शिंदेंचा नंबर पाठ आहे? अकरा घरांचे अकरा नंबर, डायरी न उघडता? आणि दिवस कोणता सांगितला? रविवार. केमोनंतरचा दुसरा आठवडा, जेव्हा मला उभं राहता येतं. एवढा विचार गोळी करते होय? मग तिलाच माझ्या जागी सेक्शनला पाठव!"

मला हसावं की रडावं कळेना.

"गोळीने फक्त माझी भीती झोपवली रे," तू म्हणालीस. "बाकी सगळी मी जागी होते. जा, त्या चौघींना परत फोन कर. सांग, हळदीकुंकू आहे."

आई, आयुष्यात मी पीसीओवरून हजारो फोन लावून दिले असतील. ते चार फोन सगळ्यांत अवघड होते.

रविवारी चार वाजता व्हॅन आली. लक्ष्मीबाई नगरहून थेट यमुनापार! त्या चौघींतल्या तिघी आल्या. चौथी आली नाही, आणि तू पुढे एकदाही तिचं नाव काढलं नाहीस. कॉलनीतल्या, मूळ सोलापूरच्या नसीमभाभी येताना गजरे घेऊन आल्या. खुर्च्या सूद आंटींच्या. वाण काय, तर प्रत्येकीला दोन जाड मेणबत्त्या. शिंदे काकू ओरडल्या, "अगंबाई, मेणबत्त्या?" तू म्हणालीस, "गाझियाबादचं वाण आहे. इथे लाइट किती वेळ असते ते तासभर बसलीस की कळेल." आणि खरंच, पंधरा मिनिटांत लाइट गेली! केवढं हसल्या सगळ्या!

मी स्वयंपाकघरात वड्या कापत होतो. पाक तूच केला होतास, बसून. दारातून मला सगळं दिसत होतं. तू करंडा घेऊन एकेकीपुढे गेलीस, हळद लावलीस, कुंकू लावलंस. एकीचंही कुंकू वाकडं नाही. मग तू करंडा टीपॉयवर ठेवलास. आता रीतीप्रमाणे कुणीतरी तुला लावायचं. कुणी उठेना. सगळ्यांच्या नजरा ताटलीकडे, पदराकडे, मेणबत्त्यांकडे. नसीमभाभी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या. मला वाटलं, आता पळून जावं.

सूद आंटींना यातलं काही माहीतच नव्हतं. त्यांनी सरळ कुंकवात बोट बुडवलं आणि विचारलं, "बहनजी, माँग में भी लगाना होता है?"

तू रुमालावरून हात फिरवलास. "माँग कहाँ बची है, सूद जी! माथा ही माथा है अब. जहाँ मर्जी लगा दीजिए."

आणि तूच आधी हसलीस. शिंदे काकू डोळे पुसत उठल्या, "सरका हो, पहिला नंबर माझा होता," म्हणाल्या. मग रांगच लागली. तुझ्या कपाळावर शेवटी इतकं कुंकू झालं की नाकावर सांडलं. इतक्या वर्षांत तुला असं मधोमध बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. माझी आई! मला वाटलं, खाली मार्केटमध्ये जाऊन सगळ्यांना ओरडून सांगावं.

त्या रात्री तू गोळी अंथरुणातच घेतलीस आणि दहा मिनिटांत झोपलीस. मी रकान्यात लिहिलं, 'विशेष काही नाही.' या वहीतली ती एकच खोटी नोंद.

पुढे डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. पोळ्या, छत्रीवाले, रामस्वरूप, सगळे थांबले. मला त्यांची आठवण यायची, हे तुला कधी सांगितलं नाही. पावसाळ्याआधी तू गेलीस. शेवटच्या आठवड्यात तुला कुठल्याच गोळीची गरज उरली नव्हती.

हे लिहिता लिहिता एक लक्षात आलं. संध्याकाळी काकूंना मी "उद्या सांगतो" म्हणालो, तो पुन्हा तोच पीसीओवरचा पमू होता. पुरुषाने हळदीकुंकवाला कसं बोलवायचं, लोक काय म्हणतील, कुंकू कोण लावणार. त्या बाईला आता कॉलनीत कुणाच्यातरी स्वयंपाकघरात बसवतील, आणि मी इथे रीत शोधत बसलो आहे!

तर ऐक. संक्रांतीनंतरच्या रविवारी, चार वाजता, तुझ्या घरी हळदीकुंकू आहे. पाक मी करणार. चुकला तर लाडू वळेन. मेणबत्त्या आणल्या आहेत. सूद आंटींना आत्ताच विचारून आलो, त्या म्हणाल्या, "माथे पर ही लगाना है ना? आ जाऊँगी." करंडा घासून ठेवला आहे. तो आधी शिंदे काकूंपुढे जाईल.

बोलावणी मीच करणार. अकरा घरांची, त्या चौथीचंही. डायरी उघडणार नाही, सगळे नंबर पाठ केले आहेत. उद्या सकाळी सात वाजता पहिला फोन काकूंना. आई, तुला शब्द देतो, या वेळी एकही फोन मागे घेणार नाही. आणि गोळीबिळी काही न घेता, पूर्ण जागेपणी करीन. भीती वाटेलच. वाटू दे.

वहीत वेळ लिहून ठेवीन.

तुझा बारावीत अटकलेला,
पमू