बंदूक शिकायची ती कुणाकडे?

भाद्रपद वद्य ११, शके १८४९ (सन १९२७)

दादाशी भांडलो. आधी दोन भाकरी खाल्ल्या, मग भांडलो!

मी म्हटलं, मला बंदुका दुरुस्त करणारा कारागीर व्हायचंय. दादा वांग्याच्या वाफ्यात वाकलेला. मान वर न करता म्हणाला, "मंग हो ना. जबलपूरले जाय. सरकारी कारखाना हाय, उमेदवार घेऊन राहिले, पहिल्या महिन्यापासून पगार." मी म्हटलं, जबलपूर नको. अकोल्याला नत्थुजी मिस्त्रींच्या दुकानात शिकतो. झालं! खुरपं फेकलं. "नत्थुजीकडे नाही. बाकी कुठीबी मर."

का, ते सांगेना. मीही कमी नाही. वाफ्यांना पाणी न धरताच मळ्यातून निघून आलो.

भाद्रपद वद्य १२

वहिनी म्हणते, "तुमचे दादा काही रागावले नाही, भाऊजी. जेवले नाही, इतलंच." हा म्हणे दिलासा!

भाद्रपद वद्य १४

अमरावतीला जाऊन आलो. केशवराव मास्तर, माझे शाळेतले. त्यांनी जबलपूरचा अर्ज सुवाच्य अक्षरात भरून दिला. "पोरा, सरकारी नोकरी आहे, डोळे मिटून जा." खरंच आहे. पण तेच म्हणाले, कारखान्यात ज्याला जो भाग दिला तो त्यानं करायचा. चाप तर चाप, घोडा तर घोडा. मला अख्खी बंदूक पाहिजे! खोलता आली पाहिजे, जुळवता आली पाहिजे. नत्थुजी चार वर्षं घेतात, पगार नाही, फक्त दोन वेळचं जेवण. शिवाय एका वेळी एकच शिकाऊ. पण त्यांच्या हाताखालून निघालेला माणूस भंगारातून चालती बंदूक उभी करतो म्हणतात.

अर्जावर दादाची सही हवी. दिवाळीपर्यंत पोचायला हवा. खिशात घालून हिंडतोय.

आश्विन शुद्ध ९, खंडेनवमी

वहिनीनं पूजा मांडली. विळे, खुरपी, कुऱ्हाड, आणि मधोमध डुकरांसाठी परवान्यानं घेतलेली दादाची ठासणीची बंदूक. हळदकुंकू, अक्षता, आमच्याच मळ्यातला झेंडू. शेवटचं फूल तिनं मोठ्या कौतुकानं नळीच्या तोंडात खोचलं. दादा ओरडलाच, "काढ ते! आत राह्यलं अन् मी चाप ओढला तं नळी फाटन, माहं तोंड उडन!" वहिनी रडवेली. आता दादाची धांदल. फूल तिच्या हातात देऊन म्हणतो कसा, "डोक्यात खोव व. तिथी काही फुटत नाही." मी इतका हसलो की मार खाल्ला.

मग नेहमीसारखं त्यानं दारू ठासायचा गज नळीत सोडला, तोंडाशी चिमटीत धरला, बाहेर काढून नळीला लावून पाहिला. पुरता आत गेला म्हणजे नळी रिकामी. बंदुकीला हात लावला की दादा आधी हेच करतो. मलाही लहानपणापासून तीच सवय, चूळ भरल्यासारखी.

आश्विन शुद्ध १०

सोनं दिलं, दादाच्या पाया पडलो. डोक्यावरचा हात त्यानं बराच वेळ काढला नाही. इतकी माया, आणि इतका आडमुठा!

आश्विन वद्य ३

खोटं बोललो. मिरची विकतो म्हणून बैलांच्या दमणीनं बडनेऱ्याला, तिथून रेल्वेनं अकोला.

नत्थुजी मिस्त्री म्हातारे, चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला. दुकानात बंदुकांची ही रांग! दसऱ्याची हळद साऱ्यांच्या घोड्यात जाऊन बसलेली. "लोकं पूजा करून मोकये, मी खरवडून राहिलो." एक बंदूक माझ्याकडे सरकवली. "उडत नाही म्हन्तात. पाह्य काय झालं."

मी गज सोडला, चिमटीत धरला, बाहेर लावून पाहिला. चार बोटं कमी! गजाच्या टोकाला मळसूत्री पेच लावून हळूहळू ओढलं, तर आतून तांदूळ आणि वाळका झेंडू. मी खूष. मिस्त्री मात्र हसले नाहीत.

"असं माप घ्यायले कोनं शिकोलं तुले?"

"दादानं."

"नाव?"

"किसनराव. भातकुलीचे."

त्यांनी चष्मा काढला. "तीन वर्सं होता माह्यापाशी. चवथं लागलं अन् बाप वारला. घरी लहान भाऊ हाय म्हने, नऊ वर्साचा, त्याले माय बी नाही. गेला तो गेला. तसा हात मले पुन्हा नाही भेटला."

तो नऊ वर्षांचा म्हणजे मी.

"दिवाळी झाली की ये," म्हणाले. "जागा तुही." बडनेऱ्यापर्यंत गाडीत तोंड खिडकीबाहेर करून बसलो. रडणारा मोठा माणूस लोकांना कशाला दाखवायचा!

आश्विन वद्य ४

दादाला सगळं सांगितलं. तो मोटेचा दोर वळत बसला होता, वळतच राहिला. मग म्हणाला, "त्याइले न सांगता निंगून आलो होतो मी. उस्तादाले! तू तिथी राह्यला असता तं मले एक दिवस तोंड दाखवायले जावंच लागलं असतं." बस, एवढंच.

वहिनीला सगळं ठाऊक होतं! "लग्न झालं तवाच सांगतलं त्याइनं. पोट्ट्याले कयू देजो नोको म्हने, उगा मनाले लावून घेईन." दहा वर्षं दोघं गप्प. यांच्यावर रागवावं तरी कसं? दादासारखा माणूस नाही, हे इथेच लिहून ठेवतो. तोंडावर सांगितलं तर खुरपं फेकेल.

आश्विन वद्य ५

जबलपूरचा अर्ज फाडला. मिस्त्रींना पत्र टाकलं. वहिनीला वाचून दाखवलं, तर ती पदरात तोंड घालून बसली.

आश्विन वद्य ११

मिस्त्रींचं उत्तर आलं. दोन शब्द. दादाला अजून दाखवलं नाही. भाऊबीज होऊ दे.

कार्तिक शुद्ध ३

"पाठव त्याले," असं लिहिलं होतं मिस्त्रींनी. दादा तासभर भांडला, मळ्याचं काय म्हणून. मी म्हटलं, मळा मी पाहतो, तुझं एक वर्ष राहिलंय ते पुरं कर. आज सकाळी दमणीत तो बसला, मी नाही. पुढच्या दिवाळीपासून मी शिकणार. दादाकडे.