दादाचे झेलवाले

सोम. ६ ऑक्टोबर, अमरावती
पहाटे साडेपाचला दादाचा फोन, अकोल्याहून. "सुदे, उठली का वं? मॅच सुरू होऊन राहिली." तिकडे अमेरिकेत रविवारची रात्र, इकडे माझी झोपमोड. सहा महिने लेकीकडे, रूपाकडे राहून आला आणि येताना तिकडच्या फुटबॉलचं हे वेड घेऊन आला. अंड्यासारखा चेंडू, हेल्मेट घातलेले दांडगे गडी, आणि त्यांच्या गर्दीतून पळत जाऊन लांबून आलेला चेंडू झेलणारे ते दोघं-तिघं. दादा त्यांना झेलवाले म्हणतो. दोन लाडके आहेत. नावं त्याच्या तोंडात बसत नाहीत, म्हणून एक लंबू, एक बुटका.
चहा उकळेपर्यंत मोबाइलवर पाहिलं. लंबूने हवेत आडवं होऊन एका हाताने धरला. अंगावर काटा आला. दादाला सांगितलं नाही. त्याला म्हटलं, "दुसऱ्यानं फेकला, यानं धरला. त्यात काय? आमची कबड्डीतली चढाईवाली एकटी जाते, एका दमावर."
"तुले काय समजते?" म्हणाला आणि फोन ठेवला. पाच मिनिटांनी परत केला.

शनि. ११ ऑक्टो.
आमचा ग्रुप, 'खेळखंडोबा'. मेंबर तीन. मी, दादा, शफीभाई. शफीभाई दादाचे अकोल्याचे दोस्त, जुने फुटबॉल रेफरी. त्यांच्या मते चेंडू गोल नसेल तर तो फुटबॉल नाही, विषय संपला. आज सकाळपासून वाद: पळता पळता मागे न बघता झेलणं कठीण, की सात जणांच्या मधून पाय सोडवून येणं? दादाचे चार व्हॉइस मेसेज, एकेक तीन मिनिटांचा. म्हणे लाइनमन म्हणून तीस वर्षं विजेच्या खांबावर काढली, हात काय चीज आहे ते त्याला ठाऊक. लंबूचे हात वेगळे.
संध्याकाळी मैदानावर पोरींचा कबड्डीचा सराव घेतला. रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी शिट्टी सुटत नाही.

गुरु. २३ ऑक्टो. भाऊबीज
वाईट झालं. लिहून टाकते.
ओवाळलं, जेवलो. वहिनीने आलूवांग्याची भाजी, पुऱ्या केल्या होत्या. मग दादाने मोबाइलवर लंबूचे झेल दाखवायला घेतले. मी म्हटलं, हा समोरून कोणी ठोकायला आला की डोळे मिटतो, घाबरट आहे. खरं म्हणजे चिडवायलाच. दादा भडकला. "तू जलमभर कोपऱ्यात उभी राहून लोकायचे पाय धरले. अन् तेबी कॉलेजपुरतं. मोठ्या खेळाची तुले काय कल्पना?"
कॉलेजपुरतं.
एकोणीस वर्षांची होते. राज्याच्या शिबिराचं पत्र घरी आलं होतं. बाबा नाही म्हणाले. बाबा दादाचं ऐकायचे, तो नोकरीला लागलेला. तो तिथेच ओट्यावर बसला होता. एक शब्द बोलला नाही.
कधी काढलं नव्हतं ते. आज काढलं. "त्या दिवशी तू तोंड उघडलं असतं तं कॉलेजपुरतं राह्यलं नसतं." वहिनी पुऱ्यांची परात घेऊन उभीच. दादाने मोबाइल उपडा ठेवला.
अकोल्याहून तीनच्या बसने परत. रात्री राहणार होते.

सोम. ३ नोव्हें.
तिकडचं घड्याळ मागे गेलं म्हणे, आता मॅच इकडे पावणेसातला. मी उठून बसले होते. फोन नाही. ग्रुपवर बारा दिवस काही नाही. फक्त शफीभाईंचं रोजचं गुलाबाचं फूल.

मंगळ. ४ नोव्हें. अकोला
सकाळी आठला वहिनीचा फोन. "ताई, ह्यायचं तोंड वाकडं झालं. चहा पेता पेता कप सुटला हातातून. बोलताच येऊन नाई राहिलं." शफीभाईंनीच गाडीत घालून नेलं. मी बडनेऱ्याहून मिळेल त्या गाडीने.
लकवा. उजवी बाजू. डॉक्टर म्हणतात वेळेत आणलं, जिवाचा धोका नाही. बोलण्याचं आताच सांगता येत नाही.
त्याने मला पाहिलं. डोळ्यांनी ओळखलं. मी पाय धरून बसले. नुसती बसले.

गुरु. ६ नोव्हें.
एकच शब्द येतो. "वायर." पाणी पाहिजे, वायर. वहिनीला हाक, वायर. मला बघून, वायर. स्वतःला ऐकू येतं त्याला, की चुकलं. डाव्या हाताने उशीवर मारतो.
रूपा रोज व्हिडिओवर रडते. मी बाहेर जाऊन बोलते तिच्याशी.

रवि. १६ नोव्हें.
दादा घरी. बोलणं शिकवायला एक मॅडम येतात, तरुण आहेत, पण धाक आहे. आम्हा सगळ्यांना समोर बसवून सांगितलं: त्यांना समजतं सगळं. डोकं शाबूत आहे. शब्द सापडत नाही, एवढंच. त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करायचं नाही. मनात दहा आकडे मोजायचे. थांबायचं. आणि ज्यात त्यांचा जीव आहे, त्याच गोष्टी बोला.
मी आणि थांबणं! जलमभर शिट्टी वाजवून लोकांना मधेच तोडलं.
ठरवलंय, रविवारी संध्याकाळी अकोल्याला यायचं, सोमवारची मॅच त्याच्यासोबत बघायची. भाऊबीजेचं काही बोलले नाही. आता कुठल्या तोंडाने बोलू.

सोम. २४ नोव्हें. अकोला
हे नीट लिहून ठेवते.
पावणेसात. दादा खुर्चीत, मांडीवर शाल. मी खाली सतरंजीवर. शफीभाई चहाला आले, गोल चेंडूवाले, तोंड वाकडं करून बसले. लंबूचीच मॅच. सरळ हातात आलेला चेंडू, एकदम सोपा, लंबूच्या बोटांतून निसटला.
"अबे धर नं बे!"
दादा.
शफीभाईंच्या बशीतला चहा सांडला. वहिनी कणकेच्या हातांनी धावत आली. "कोन बोललं? हे बोलले?" दादा स्वतःच घाबरल्यासारखा बघत होता. परत म्हणायला गेला, तर "वा... वायर."
मॅडमना फोन केला. म्हणाल्या, रागात, आवेशात असे शब्द आपोआप येतात. ठरवून बोलणं वेगळं, त्याला वेळ लागतो. आनंद करा, पण लगेच घाई करू नका.
आनंद केला. वहिनीने शिरा केला.

सोम. ८ डिसें. अकोला
युक्ती सापडली. त्याला पटणार नाही असं काही बोलायचं.
म्हटलं, "शफीभाई, खरं सांगू? बुटकाच चांगला. लंबूची नुसती उंची."
शफीभाईंनी लगेच सूर पकडला. "बराबर है ताई. लंबू तो खंबा है, खंबा."
दादाची मान वळली. "लं..." थांबलो. "लं..." शफीभाईंचं तोंड उघडणार, मी त्यांचा गुडघा दाबला. जाहिरात आली आणि गेली. मनात दहा नाही, चाळीस मोजले असतील.
"लंबू."
मग, एकेक शब्द खांबावर चढल्यासारखा: "तुले. नाई. कळत."
शफीभाई टाळ्या वाजवत सुटले. "अरे वा! पहली गाली बहन को!" मी भाजी लागली का ते बघायला आत गेले. भाजी चढवलेलीच नव्हती.

मंगळ. १६ डिसें. अमरावती
मैदानावर पोरींना दादाचं सांगितलं. एकीने विचारलं, मॅडम, तुमचे दादा कबड्डीला नावं ठेवायचे ना? म्हटलं, अजूनही ठेवोत.
आता येणारे शब्द: लंबू, बुटका, चहा, नाई, कुसुम. हे शेवटचं वहिनीचं नाव. चाळीस वर्षांत कधी नावाने हाक मारली नव्हती. ती लाजली. मग रडली.

सोम. २२ डिसें. अकोला
माझी चूक.
शब्द येताहेत म्हणून मी सोडेच ना. सांग, बुटका का नाही? सांग, कोण टाकतो चेंडू? त्याला काय म्हणतात? दादा थकला होता, डोळे सांगत होते. मी कोचसारखी मागेच लागले. शेवटी त्याने डाव्या हाताने रिमोट भिंतीवर फेकला. आणि "वायर वायर वायर", गळ्याच्या शिरा ताणून.
टीव्ही बंद. मॅडम दुपारी आल्या, शांतपणे बोलल्या, पण लागलं. संध्याकाळी वहिनी म्हणाली, "ताई, एक सांगू का? तुमी इथं कोच नाई. बहीन होऊन या."
ती असं कधी बोलत नाही. बरोबर बोलली.
संत्र्याच्या फोडी सोलून दिल्या त्याला. तोंड फिरवलं. ताटली तशीच.

सोम. २९ डिसें. अकोला
गेले. काही विचारलं नाही. मॅच बघितली फक्त. बुटका तीन जणांच्या खालून चेंडू छातीशी धरून निघाला तेव्हा माझ्याच तोंडून निघालं, "हे तं आमच्या चढाईसारखं झालं." दादाने माझ्याकडे बघितलं. थोडं हसला, डाव्या बाजूने.
त्याची काठी घेऊन चौकापर्यंत गेलो दोघं. शेजारचे विचारत होते, काय म्हणता भाऊ? तो म्हणाला, "बरं." एकदम साफ.

सोम. ५ जानेवारी, अकोला
वहिनी तुरीच्या शेंगा आणायला बाजारात. मी त्याच्या उजव्या हाताला तेल लावत होते. टीव्ही बंद होता. तो म्हणाला, "शि..."
मला वाटलं शिरा. तोंडावर आलं होतं, शिरा पाहिजे का. जीभ चावली.
"शि... बीर."
हात थांबला माझा.
"बाबा," म्हणाला. बाहेर भांडीवाला ओरडत गेला. "मी. भे... भेलो."
आणि परत, मला ऐकू गेलं नसेल असं वाटून: "भेलो, सुदे."
मनात आलं म्हणावं, जाऊ दे दादा, जुनं झालं. पण ते खरं नाही. बेचाळीस वर्षं मी ते जाऊ दिलेलं नाही. आणि त्याने एवढ्या कष्टाने एकेक अक्षर आणलेलं, त्याच्यावर मी खोटं कसं ठेवू? म्हटलं, "मलेबी भेव वाटत होतं. तरी जायचं होतं मले."
त्याने मान हलवली. एकदा.
मग परत तेल लावलं. बोटं अजून आखडलेली आहेत, अंगठा जरा सुटलाय. वहिनी आली तेव्हा आम्ही दोघं गप्प बसलो होतो. तिला वाटलं भांडलो.

बुध. १४ जाने. संक्रांत
दादाने ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला. अकरा सेकंदांचा. त्यात सात सेकंद श्वास. "ति... तिळगूळ. शफी. गोल... चेंडू... बेकार."
शफीभाई घरी जाऊन भांडून आले म्हणे. दोन तास बसले. खूश होते.

सोम. १९ जाने. अकोला
लंबूचा संघ हरून बाहेर. बुटक्याचा आधीच गेला. मला वाटलं होतं तितकं वाईट दादाला वाटलं नाही. माझंच तोंड उतरलं होतं, वहिनी हसली.
दुपारी रूपाचा फोन. तिच्या गावात बोलण्याच्या उपचाराचं मोठं केंद्र आहे, तिने चौकशी केली आहे, आई-बाबांनी उन्हाळ्याआधी कायमचं यावं. "तिथे आत्याला दर आठवड्याला किती धावपळ!" वहिनीचे डोळे चमकले. तिला लेक हवी आहे. का नसावी? शफीभाई चपला शोधायला लागले, समोरच होत्या.
मी म्हटलं, चांगलंच आहे की. बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. तुरी कापणीला आल्या आहेत. कायमचं म्हणजे कायमचं. तिकडे त्याला मराठीतून शब्द कोण देणार? की हा माझाच स्वार्थ?

शुक्र. ३० जाने. अमरावती
मॅडमना विचारलं, तिकडे जावं की नाही? म्हणाल्या, हे मला किंवा तुम्हाला विचारायचं नाही. त्यांना विचारा.
खरंच की. तिघींनी मिळून सगळी चर्चा केली. त्याला कोणी विचारलंच नाही.

सोम. ९ फेब्रु. अकोल्याहून परतताना, बसमध्ये लिहिते आहे
मोसमातली शेवटची मॅच. पहाटे पाच. दोन्ही संघांचे झेलवाले आमच्या ओळखीचे नाहीत. शफीभाई स्वेटर, मफलर घालून आले, वर म्हणाले मी झोप येत नाही म्हणून आलो. एका नव्या पोरसवद्या झेलवाल्याने रेषेवर पायाची बोटं टेकवत चेंडू धरला. दादा म्हणाला, "हा. चांगला." मी म्हटलं, "लंबूपेक्षा?" तो विचारात पडला. प्रामाणिकपणे पडला.
मग रूपाचा व्हिडिओ. "बाबा, तिकिटं काढू का?"
वहिनी म्हणाली, "काढ नं." शफीभाई म्हणाले, "डॉक्टर से पूछो पहले." मी म्हणाले, "रूपा, आधी त्याले..." तिघं एकदमच बोललो.
दादाने डावा हात वर केला. आम्ही गप्प. तिकडे रूपाही गप्प.
"सां... गतो," म्हणाला.
आम्ही थांबलो. चहा निवला. रूपाला कामावर जायचं नव्हतं तिकडे, रात्र होती, ती बसून राहिली. तो बोलला नाही, पण चेहऱ्यावर चिडल्याचं काही नव्हतं. अर्ध्या तासाने रूपाच म्हणाली, बाबा, उद्या करते.
अकराची बस मिळाली. आत्ता मूर्तिजापूर स्टँड. वहिनीला फोन केला, जेवला का म्हणून.
"कुठचं जेवन, ताई. अजून खुर्चीतच बसून हायेत. बोलावलं तं हात वर केला. तोंडातल्या तोंडात काई जुळवून राहिले."