दुधातला मासा

डोंगरकडा, ता. कळमनुरी
दि. ५ जानेवारी २०२५

चि. सृष्टीस,
तात्याचे मनापासून आशीर्वाद.

हळद शिजवायचे ड्रम, हळद घासायचं फिरतं पिंप, केळीचे घड वाहायची सायकलच्या चाकांची गाडी, शाळेचं फाटक, गुडघा न वाकवता बसता यावं म्हणून आमच्या आईसाठी, म्हणजे तुझ्या आजीसाठी केलेला लोखंडी पाट, आणि माझ्या थोरल्या भावाला, तुझ्या बाबांना बोलायला म्हणून गळ्यात अडकवायची पाटी. एवढं सगळं मी ह्या दोन हातांनी केलं. कुणी शिकवलं न्हाई. वेल्डिंग तर नांदेडात एका दुकानासमोर उभा राहून नुसतं बघून घेतलं, आणि त्यापायी महिनाभर डोळे सुजवून घेतले. अशा माणसाला बटाट्याच्या गोळ्यांनी हरवलं. लिहिताना तकलीफ होते, पण खोटं कशाला लिहू.

तू पाठवलेली न्योकीची, म्हणजे त्या इटलीकडच्या बटाट्याच्या गोळ्यांची कृती मिळाली. बाबांची हालत तुला माहीत आहे, तरी नीट लिहितो, कारण तुझी आई फोनवर तुला सगळं बरं आहे म्हणून सांगते. जिभेची कड काढल्यापासून त्यांचं बोलणं कुणाला कळत न्हाई, म्हणून त्यांनी बोलणंच सोडलं. फोन कानाला लावला की तू रडतेस आणि त्यांना काही बोलता येत न्हाई. म्हणून पत्रं लिहा हे त्यांनीच पाटीवर लिहिलं. कॅन्सरवर किरणांचा शेक घेतल्यापासून तोंडाला लाळ न्हाई. भाकर उतरत न्हाई, तिखटाचा कण सोसत न्हाई, वरणभात मातीगत लागतो म्हणतात. नांदेडच्या डॉक्टरांनी वीस फेब्रुवारीला बोलावलंय. तोवर वजन आणखी उतरलं तर नाकातून नळी घालणार. बाबांनी पाटीवर दोनच शब्द लिहिले, नळी नको. तेव्हापासून ती पाटी त्यांनी पुसलेली न्हाई.

आता गोळ्यांचं. बटाटा उकड, मैदा घाल, एवढंच तू लिहिलंस. मी उकडला, मैदा घातला आणि कणीक तिंबावी तसा तिंबला. तुझी आई म्हणाली की जितकं तिंबाल तितकं लुसलुशीत होईल. मग दोघांनी आळीपाळीनं तिंबलं. पाण्यातून जे निघालं ते मोटारीच्या रबरी वायसरसारखं. मी एक गोळी फरशीवर टाकून पाहिली तर ती चेंडूगत उडाली. बाबांनी एक तोंडात घेतली, बराच वेळ धरली आणि हळूच वाटीत परत ठेवली. पाटीवर काही लिहिलं न्हाई. शिवी लिहिली असती तरी बरं वाटलं असतं.

तर मला नेमकं सांग. थोडं, जरासं, अंदाजानं असले शब्द लिहू नकोस. बटाटा कोणता, मैदा किती, हात किती लावायचा. आणि गोळ्यांबरोबर सायीत घालायला धुरी दिलेला मासा दुकानातून आणा असं तू बिनधास्त लिहिलंस. डोंगरकड्याच्या कोणत्या दुकानातून, तेही कळव.

तुझी आठवण घरात रोज निघते. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
तात्या

*

पुणे
दि. ११ जानेवारी २०२५

ती. तात्यांस,
सृष्टीचा शि. सा. न. वि. वि.

तुमची उडालेली गोळी मी आमच्या हॉटेलच्या सगळ्या स्वयंपाकघराला वाचून दाखवली. मोठे शेफ म्हणाले की ह्या माणसाला एकदा भेटलं पाहिजे. न्योकी बिघडवणारे पुष्कळ पाहिले, पण ती जमिनीवर आपटून तपासणारा पहिलाच.

चूक माझी. आपल्याकडे कणीक म्हटलं की हात आपोआप तिंबायला लागतो, हे लिहिताना माझ्या ध्यानात आलं नाही. ह्या पिठाला तिंबायचं नसतंच, मळायचंही नाही. नुसतं एकत्र गोळा करायचं आणि सोडून द्यायचं. बाजारात आता नवा बटाटा आला असेल, तो घेऊ नका. त्यात पाणी फार, आणि पाणी आलं की मैदा वाढतो. सुरकुतलेला जुना घ्या. उकडू नका, चुलीतल्या गरम राखेत भाजा आणि गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा. एक किलो बटाट्याला दोनशे ग्रॅम मैदा आणि एका अंड्याचा पिवळा बलक. झालं का नेमकं?

मासा इथं परदेशातून पाकिटात येतो. डोंगरकड्यात दुकान नाही, पण तुम्ही आहात. काटे कमी असलेला मासा बघा. एक काटा घशात अडकला तर बाबा पुन्हा कशाला तोंड लावणार नाहीत.

ह्याच पदार्थाच्या मागे मी काहून लागले ते सांगते. शेकानं बाबांची जीभ झोपली आहे, पण नाक जागं आहे. घास गिळताना धुराचा वास घशातून मागच्या वाटेनं नाकात चढतो. मिरची नको, चावायला नको, आणि तरी काहीतरी लागेल. लागेलच असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण मला दुसरं काही सुचलेलं नाही, तात्या.

आईला सांगा की मी जेवते. आजीला साष्टांग. तुमचा हात माझ्या डोक्यावर असाच असावा.

तुमची,
सृष्टी

*

डोंगरकडा
दि. २० जानेवारी २०२५

चि. सृष्टीस,
अनेक आशीर्वाद.

जे पाहिलं ते पहिल्यापासून लिहितो, मधलं गाळत न्हाई.

मासा इसापूर धरणाचा मरळ, कळमनुरीच्या बाजारातून घमेल्यात जिवंत आणला. मधला एक कणा सोडला तर त्याला काट्याची तकलीफ न्हाई. मीठ-गुळाच्या पाण्यात रातभर ठेवला, सकाळी वाऱ्याला टांगला. मग हळदीचा एक जुना ड्रम घेतला, दोनदा राखेनं घासला, खाली धूर केला. तरी मासा नवरदेवागत पिवळाधमक निघाला, वासही हळदीचाच. तुझी आई म्हणाली की आता ह्याला बाशिंग तेवढं बांधा. तो गल्लीतल्या कुत्र्यांनी खाल्ला.

दुसऱ्या खेपेला कोऱ्या पत्र्याचं धुराडं केलं, जस्त नसलेल्या, कारण तापलं की जस्त विषारी. जाळ एकीकडं, मासा दुसरीकडं, मध्ये नळकांडं. बॉयलरचा उष्णता दाखवणारा काटा झाकणात बसवला. आंब्याच्या लाकडाचे तुकडे, साल काढलेले. दुपारी झाकण उघडलं आणि सृष्टी, मी मागं सरकलो. सकाळी काळाकुट्ट होता तो मासा. आता त्याच्यावर असा रंग चढला होता की मावळतीच्या उन्हात तांब्याचा हंडा दिसावा. आणि बोट लावलं तर पाकळीगत सुटला. मी आयुष्यभर धूर बाहेर काढायच्या चिमण्या करत आलो. धूर आत ठेवला तर तो असं काही करतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

गोळ्या तू लिहिल्या तशा. पुरणयंत्रातून बटाटा बर्फासारखा भुरभुरत पडला. त्याला हात न लावता राहायचं म्हणजे तुझ्या आईला फार जड गेलं, मी तिचे हात धरून ठेवायचे तेवढे बाकी होते. गोळीवर रेघा याव्या म्हणून मी सागवानी फळीला बराबर खाचा पाडल्या होत्या. तुझ्या आईनं कोरी फणी धुतली आणि तिच्यावर अंगठ्यानं गोळी अशी सरकवली, खिरीचे बोटवे वळतात तशी. माझी एक होईस्तोवर तिच्या चार. माझी फळी चांगलीच आहे, पण तूर्त भिंतीला टेकवून ठेवली आहे.

मग त्या पाण्यात सोडल्या. सगळ्या तळाशी गेल्या. मी म्हणालो गेलं काम. तेवढ्यात एक हलली, आणि कुणी हात न लावता, कुणी न ढवळता, सावकाश वर आली. मग दुसरी. मग सगळ्याच. बाबा खाटेवरून उठून चुलीपाशी आले आणि वाकून बघत राहिले. लेकराला पहिल्यांदा उभं राहताना बघावं तसं ते होतं.

म्हशीच्या दुधाची घट्ट साय पातळ केली, त्यात मासा कुस्करणार, तेवढ्यात आजी आली. मासा आणि साय एका भगुण्यात जाणार हे तिच्या ध्यानात आलं. तिनं सायीचं भांडं उचललं आणि ते मांडीवर घेऊन ती पाटावर बसली. म्हणाली की दुधात मासा घालून माझ्या लेकाच्या अंगावर कोड उठवता का. आधी जीभ कापली, आता कातडी बी घालवा. मी समजावलं, तुझ्या आईनं पाय धरले, पण ती हलली न्हाई. बाबांनी आजीकडं पाहिलं आणि ताट सरकवून दिलं. छप्पन वर्षांचा माणूस, पण आईनं नको म्हटलेलं खाणार न्हाई.

साय न घालता चालेल का, उलट टपाली कळव. दिवस थोडे आहेत.

तुझा,
तात्या

*

पुणे
दि. २४ जानेवारी २०२५

ती. तात्यांस,
शि. सा. न. वि. वि.

साय काढली तर सगळंच गेलं. बाबांना लाळ नाही. कोरडी गोळी घशात बसेल. तूप घातलं तर नुसतं तेलकट होईल, घास धरून राहणार नाही. साय पाहिजेच.

मी इथल्या डॉक्टरीणबाईंना मुद्दाम विचारलं. कोड दूध-माशानं होत नाही, त्याचं कारण वेगळं असतं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आजीला सांगा की ज्या देशातून हा पदार्थ आला तिथं मासा आणि साय एकत्र खाऊनच लोक म्हातारे होतात. आणि हेही सांगा की तिची नात रोज चमच्यानं चाखते, आणि तिच्या अंगावर पिठाशिवाय दुसरं पांढरं काही नाही.

तिच्यावर रागावू नका. ती बाबांना वाचवायलाच बसली आहे, फक्त आपल्या उलट बाजूनं.

पत्राची वाट बघते. लोभ आहेच, तो जास्त लागेल असे दिवस आहेत.

तुमची,
सृष्टी

*

डोंगरकडा
दि. ३० जानेवारी २०२५

चि. सृष्टीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र आजीला दोनदा वाचून दाखवलं. डॉक्टरीणबाईचं तिनं ऐकून घेतलं. परदेशातल्या लोकांचं ऐकल्यावर म्हणाली की ती माणसं आधीच पांढरी, त्यांना कोड आलं तरी कळणार कसं. ह्याला उत्तर तुला सुचलं तर लिही.

परवा सकाळी बाबांनी पाटीवरचे ते जुने दोन शब्द पुसले, दुसरं काही लिहिलं आणि पाटी आजीच्या पुढ्यात ठेवली. तिला अक्षर येत न्हाई. तिनं ती माझ्याकडं सरकवली, वाच म्हणाली. मी पाहिलं आणि ती तुझ्या आईकडं दिली. तिनं वाचली. आई, मला भूक लागते, असं लिहिलं होतं.

आम्हाला वाटत होतं की त्यांची भूकच मेली आहे. आजीलाही तसंच वाटत असणार. ती जराशानं उठली, सायीचं भांडं आपल्या हातानं आणून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली की कर, पण आधी मी खाणार. व्हायचं ते मला होऊ दे. अंगावर डाग उठला तर ह्या वयात माझी कोणती सोयरीक मोडणार आहे.

ती पाटावर बसली. मी ताट वाढलं. पांढऱ्या सायीत त्या गोळ्या आणि मध्ये तांब्याच्या रंगाचा मासा. तिनं डोळे मिटून पहिला घास घेतला, विषाचा घ्यावा तसा. मग डोळे उघडले. मग ताट रिकामं होईस्तोवर कुणाकडं पाहिलं न्हाई. शेवटी बोटानं साय पुसून घेतली आणि म्हणाली की मिरची पाहिजे होती, पण वंगाळ न्हाई.

आता ती म्हणते की महिनाभर वाट बघू. डॉक्टरांच्या तारखेचं सांगितल्यावर आठ दिवसांवर आली, त्याखाली एक दिवस सोडत न्हाई. आज सकाळीच मला अंगणात हाक मारली, उन्हात दोन्ही हात पसरले आणि नीट बघ म्हणाली. मी चष्मा लावून कोपरापर्यंत बघितलं. काही न्हाई. आपल्या आईचे हात मी इतक्या जवळून कधी पाहिले होते, मला आठवत न्हाई.

बाबा तिच्याआधीच उठून अंगणात येऊन बसले होते. धीर धर.

तुझा,
तात्या

*

डोंगरकडा
दि. ७ फेब्रुवारी २०२५

चि. सृष्टी,
बाबांचे आशीर्वाद.

फार दिवसांनी हातात पेन धरतोय, अक्षर सांभाळून घे.

काल आजीचे आठ दिवस भरले. संध्याकाळी तिनंच ताट पुढं केलं. पहिल्या घासाला काही कळलं नाही. साय सरकली, गोळी जिभेवर विरून गेली, एवढंच. दुसरा घास उतरला आणि मी मान वर करून दाराकडं पाहिलं. वाटलं, कुणाच्या तरी वावरात काडीकचरा पेटवलाय. तात्याला खुणेनं विचारलं की कुठं जाळ लागलाय का. तो बाहेर जाऊन बघून आला. कुठंच काही नव्हतं. धूर माझ्या तोंडात होता.

मी रडलो म्हणून तुझी आई घाबरली. तिला वाटलं काटा अडकला. मी मान हलवून नाही म्हणालो आणि ताट पुढं केलं, आणखी वाढ म्हणून.

पोरी, मला लागलं. आठ महिन्यांनी मला काहीतरी लागलं.

तुझे,
बाबा

*

डोंगरकडा
दि. २२ फेब्रुवारी २०२५

चि. सृष्टीस,
तात्याचे अनेक आशीर्वाद.

परवा नांदेडला जाऊन आलो. वजन उतरलं तर न्हाईच, उलट एक किलो शंभर ग्रॅमनं वाढलं. मी काटा रिकामा करून पुन्हा उभं राहायला लावलं, तेव्हाही बराबर तेवढंच. डॉक्टर म्हणाले की नळीचा विषय आता काढू नका, जे खाताय तेच चालू ठेवा. काय खाता विचारलं. बाबांनी माझ्याकडं बोट केलं. मी पाकिटाच्या मागं धुराड्याचं चित्र काढून दाखवलं, नळकांड्याच्या मापासकट. ते चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

आता आठवड्यातून चार दिवस तेच जेवण असतं. कालपासून बाबा त्यात मऊ भातही कालवून घेतात. तोंडानं एक शब्दही बोलले. गोळीचा घास घेऊन तुझ्या आईकडं वळले आणि काहीतरी म्हणाले. तिला कळलं. काय म्हणाले ते ती आम्हाला सांगत न्हाई, नुसती हसते.

मला अजून नवल सरत न्हाई. बटाटा आपलाच, धरणाचा मासा आपला, साय आपल्या म्हशीची, आंब्याचं लाकूड बांधावरचं. सगळं इथंच होतं. तरी ते एका भगुण्यात येईपर्यंत आमच्या डोक्यात आलं न्हाई.

हळदीचा हंगाम तोंडावर आहे, हाताला उसंत राहणार न्हाई. पण तुझं पत्र आलं की मशीन बंद करून वाचीन. सवड काढून घरी ये, आणि तोवर आमच्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझा,
तात्या

ता. क. वारंगा फाट्यावर नवं हॉटेल घातलेला एक माणूस मंगळवारी घरी येऊन ताटभर खाऊन गेला. रोज संध्याकाळी त्याच्या हॉटेलात उभं राहून हाच मासा आणि ह्याच गोळ्या करा म्हणत होता. संध्याकाळी तुझे बाबा जेवतात, म्हणून मी न्हाई म्हणालो. महिना अडतीस हजार देत होता.