तुम्ही पुरी केलेली वाट

बाबा,

गेल्या आठवड्यात अंदमानातल्या एका बेटावर, भर दुपारी, चिखलाच्या काठावर उभी राहून मी तुमच्या नावानं ओरडले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तुम्ही असताना एवढा आवाज मी कधी चढवला नव्हता. आई पडलेल्या झाडावर बसून पोह्यांचा चिवडा खात होती. म्हणाली, "वरडतेस कोणावर गो? इथं कोण हाय?" कोण आहे ते तिला चांगलं ठाऊक होतं. रोह्याला परत आले तरी राग उतरलेला नाही. कंपनीत लॅबमधल्या पोरींवर उगाच खेकसले. म्हणून आज सुट्टीच्या दिवशी हे लिहायला बसले आहे.

ते पुस्तक तुम्हाला आठवत असेल. इथे रोह्यातल्याच एका साहेबांच्या घरी तुम्ही पेणहून गणपती पोचवायला आला होतात. साहेब बदलीच्या तयारीत होते, दारात रद्दी काढून ठेवली होती. त्यातलं हे पुस्तक तुम्ही मागून घेतलंत. बेटांवरच्या पायवाटांची माहिती, सगळी इंग्रजीत, आणि प्रत्येक वाटेचा काळापांढरा नकाशा. मी आठवीत होते. आपल्या गणपतीच्या कारखान्यात तुम्ही मूर्तींचे डोळे आखायचात आणि मी शेजारी बसून जमेल तसं मराठीत करून सांगायची, माड कुठं संपतात, रान कुठं लागतं, प्यायचं पाणी कुठं मिळतं. सांगायचं ते एक मूर्ती संपून दुसरी हातात घेईपर्यंत. ब्रश डोळ्याला टेकला की अख्खा कारखाना गप्प. एकदा मी विसरून मध्येच हाक मारली. तुम्ही वळला नाहीत. रेघ पापणीच्या टोकापर्यंत नेलीत, ब्रश खाली ठेवलात आणि मग माझा कान असा पिळलात की डोळ्यांत पाणी आलं. "रेघ अर्धी सोडायची नाय. तुटका डोळा कोण घरी नेनार?" मग त्याच रंगांनी तुम्ही पुस्तकातले नकाशे रंगवलेत. समुद्राला शेल्याचा निळा, जमिनीला पितांबराचा पिवळा, आणि वाटांना शेंदरी.

त्यातली एक वाट तुमची लाडकी. रानातून जाऊन एका पांढऱ्या किनाऱ्यावर उतरणारी. आईला तिथं न्यायचं होतं. "गणपती झालं की जाऊ." पेणमध्ये गणपती होतात कधी, बाबा? विसर्जन झालं की पुढच्या वर्षीचे साचे बाहेर. शिमग्याच्या आत परदेशी जाणाऱ्या मूर्ती तयार हव्यात. आई दर वर्षी विचारायची, मग विचारेनाशी झाली. खोकल्याचंही तेच. प्लास्टरची धूळ छातीत बसली आहे, मुंबईला जाऊन तपासून घ्या, असं डॉक्टर म्हणाले, तर त्यांनाही तुम्ही तेच ऐकवलंत. त्या वर्षीचे गणपती झाले तेव्हा तुम्हाला अंथरुणातून उठवत नव्हतं. तुम्ही गेल्यावर लोक येऊन सांगायचे, काय कामाचा माणूस होता! मला एकेकाला हाताला धरून बाहेर काढावंसं वाटायचं. गावोगावच्या देवांचे डोळे तुम्ही वेळेवर उघडलेत, आणि घरातल्या माणसांना नुसतं थांबवून ठेवलंत.

आईचे गुडघे आता संपत आले आहेत. म्हणून या वर्षी मी कुठलाच सण व्हायची वाट बघितली नाही. रजा टाकली, तिला घेतलं, तुमचं पुस्तक घेतलं. त्या वाटेच्या माहितीचं पान वाळवीनं खाल्लं आहे, पण नकाशावरची शेंदरी रेघ आजही तशीच झळझळीत आहे. आणि सगळं जुळत गेलं. माड लागले, रान लागलं, डाव्या हाताला समुद्र. आई दर थोड्या अंतरावर टेकत होती, पण हसत होती. मला वाटलं, चला, बाबांचा एक तरी शब्द खरा निघाला. आणि मग समोर खाडी आणि तिच्या काठची तिवरांची झाडी आली. काळा चिखल, भरतीचं चढतं पाणी, आणि मगरींपासून सावध राहा म्हणून हिंदीत पाटी. तुमची रेघ मात्र खाडीवरून सरळ पलीकडे गेलेली.

मी पुस्तक उलटसुलट करून बघत होते तेव्हा आई म्हणाली, "आगो, ती रेघ पुस्तकातली नाय. त्यांची हाय. छापलेली वाट खाडीशी तुटत व्हती. त्यांना तुटकी रेघ बघवायची नाय, मंग नेली पार. माझ्यासमोरच नेली."

"आणि हे तू आत्ता सांगतेस?"

"तू एवढी खुशीत व्हतीस. आनि मला पन वाटलं, आसंल येकादा पूल."

मी नखानं रंग खरवडला. खाली छापलेले ठिपके खरंच खाडीपाशी संपत होते. तेव्हा ओरडले. दुखऱ्या गुडघ्यांची म्हातारी मी मगरींच्या दारात आणून बसवली, का, तर तुम्हाला रेघ अर्धी सोडवत नाही! मूर्तीच्या डोळ्याला ते ठीक होतं, बाबा. आम्हाला सरळ सांगायला काय झालं होतं की नाही जमणार? की छाती दुखते, भीती वाटते? आईनं रडून घेतलं असतं आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागली असती. त्याऐवजी तुम्ही आम्हाला रंगवून दिलंत. आणि ही बाई हसत होती! "येवढ्या लांब खाडीच दाखवायला आनलंस गो. आपल्या खारेपाटात तिवरं काय कमी हायत?" तिच्या हसण्याचा मला तुमच्याहून जास्त राग आला.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, आईला तर नाहीच. खाडीवरून परतल्यावर दुसऱ्या दिवशी मी तिला रिक्षानं डांबरी रस्त्यावरच्या एका किनाऱ्यावर नेलं. भाड्याच्या खुर्च्या, नारळपाण्याच्या गाड्या, फोटो काढणारी माणसं. तुमचा किनारा बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला राहिला. आई पाण्यात पाय सोडून बसली. मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "हाच का गो तो? त्यांचा?"

मी अजून तुमच्यावर चिडलेलीच होते. म्हटलं, "व्हय. हाच."