संपलं म्हणू नये

आई,

उद्या सकाळी आपलं घर दुसऱ्यांच्या नावावर होणार. खुर्च्या कालच गेल्या, म्हणून तुझा पिठाचा मोठा डबा पालथा घालून ओट्याशेजारी बसले आहे आणि ओट्यावरच कागद ठेवून लिहिते आहे. इथे बसून 'विकलं' हा शब्द लिहायचीसुद्धा भीती वाटते. वास्तू तथास्तु म्हणत असते, हे तू इतक्यांदा सांगितलंस की साठी आली तरी भिंतीसमोर वाईट बोलवत नाही. बाबा गेल्यापासून घराला कुलूप आहे. भिंतींना ओल आली, मोरीचं दार फुगलं, आणि कोल्हापुराहून येऊन-जाऊन ते सांभाळणं माझ्या गुडघ्यांना झेपेना. कारणं सगळी खरी आहेत. तरी आठवडाभर ती मी स्वतःलाच पुन्हा पुन्हा सांगते आहे.

तुझ्या घरात काही संपायचं नाही, सगळं वाढायचं. मीठ वाढलं, तेल वाढलं. बांगडी फुटायची नाही, वाढायची. नारळ वाढवायचा. खालचा शिंपीकाका दुकान बंद करून निघाला, की तू गॅलरीतून विचारायचीस, "वाढवलं का आज लवकर?" एकदा पाहुणे बाहेर बसलेले असताना मी आतून ओरडले होते, "आई, तांदूळ संपले!" तू त्यांच्यासमोर हसत राहिलीस आणि आत आल्यावर असा चिमटा काढलास की हिरवा डाग पडला. "संपलं म्हणू नये गं. घरानं ऐकलं म्हणजे?" दारात उभ्या असलेल्या समोरच्या खालांना मात्र हसू आवरत नव्हतं. "वहिनी, तुमच्यात सगळं वाढतंच, तर दर महिन्याला माझ्याकडून साखर कशाला नेता?" तू पदर तोंडाला लावून इतकी हसलीस, की मीसुद्धा रडता रडता हसले.

तुमची दोघींची गट्टी लढाईतली. आपली ही सोसायटी एकाहत्तरच्या लढाईच्या आधीची. कारकून, शिंपी, रेल्वेतले गार्ड, एक मास्तर, खालांचे लाकडाच्या वखारीत काम करणारे यजमान, अशांनी मिळून उभी केलेली. देवळालीची छावणी जवळ, त्यामुळे दिवे झाकायचा हुकूम आला. तोवर तुम्ही दोघी जिन्यात एकमेकींना नुसत्या मान हलवायच्या. त्या दिवशी काळा कागद त्यांच्याकडे होता आणि खळ तू शिजवली होतीस. मी खाली उभी राहून वाटी धरलेली, तुम्ही दोघी स्टुलावर, हात कोपरापर्यंत चिकट. तू त्यांना मराठी शब्द सांगते आहेस, त्या ते चुकीचे म्हणताहेत. स्वयंपाकघराच्या झरोक्याच्या एका काचेवर तो कागद अजून आहे. तू कधी खरवडू दिला नाहीस.

आणि त्याच खालांनी मला तो फोन केला. माझं लग्न होऊन वर्षसुद्धा झालेलं नव्हतं. तू दवाखान्यात होतीस, ताप उतरतोय असं बाबांनी कळवलं होतं. सकाळी शेजाऱ्यांकडे फोन आला म्हणून मी धावत गेले. लाइन खरखरत होती. "बेटा, वहिनी वाढल्या," त्या म्हणाल्या. "तू ये." आणि फोन कटला.

मला काय वाटावं, आई? मला वाटलं, तू घरी आलीस. उठलीस आणि लगेच पदर खोचून वाढायला लागलीस. स्वस्थ बसणं तुझ्या रक्तातच नव्हतं! खालांचं मराठी मोडकं, त्यांना 'वाढताहेत' म्हणायचं असेल. मी बाजारातून तुला आवडते म्हणून गुळाची ढेप घेतली आणि बस पकडली. सबंध वाटभर मी खूश होते. शेजारच्या बाईंना सांगितलं, आईला बरं वाटलंय, माहेरी चालले आहे. जिन्यात चपलांचा ढीग दिसला तेव्हासुद्धा मला वाटलं, हिनं बरी झाल्याबरोबर पंगत घातली की काय! ढेप पोटाशी धरून मी वर आले. पुढचं मला लिहवत नाही.

त्यांनी तुझाच शब्द वापरला होता. तुझ्याबाबतीत 'संपल्या' म्हणायला त्यांची जीभ वळली नाही. हे मला कितीतरी वर्षांनी उमगलं, आणि तरी त्यांना मी कधी काही बोलले नाही.

घर दाखवायला सुरुवात केली तेव्हा एजंट म्हणाला, "काकू, घर मस्त आहे, पण एरिया मिक्स पडतो ना. पार्टी पटकन मिळत नाही." मिक्स! मला तर फरसाणाच्या दुकानात उभी असल्यासारखं वाटलं. एक बाई आल्या, खिडक्या उघडून पाहिल्या, हवा छान आहे म्हणाल्या, आणि जाता जाता समोरच्या दाराकडे बघून विचारलं, "इकडे कोण राहतं?" मी म्हटलं, "माझी खाला." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि ठेवलेलं पाणीही न पिता दोघं उतरले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेवटी इगतपुरीचं एक जोडपं आलं, तो रेल्वेत, ती नर्स. तिनं समोर कोण आहे विचारलं ते दारात बसलेल्या खालांच्या सुजलेल्या पायांकडे बघून, आणि तिथेच उकिडवी बसून त्यांचा पाय हातात घेतला. मी एजंटला म्हटलं, यांनाच.

आज दुपारी खाला भिंतीला धरत धरत आल्या. आता त्यांना नीट दिसत नाही, ऐकू मात्र सगळं येतं. रिकाम्या खोलीत आवाज घुमला तशा थबकल्या.

"झालं का बेटा? दिलंस घर?"

"वाढवलं, खाला," मी म्हटलं. तुझ्या घरात दुसरं काय म्हणणार?

त्या हसतील असं वाटलं होतं. त्यांनी चाचपडत माझा हात शोधला.

"नको बेटा. विकलं म्हण. वाढवलं म्हटलं ना, की माणूस खूश होऊन येतं." माझा हात दाबून म्हणाल्या, "तू गूळ घेऊन आली होतीस. मी बघितलं होतं. तेव्हापासून माझ्या घरी मीठ संपलं, की मी संपलंच म्हणते."

आई, इतकी वर्षं त्या हे घेऊन समोर राहत होत्या, आणि मला वाटत होतं की ते माझं एकटीचं आहे. मी त्यांना या डब्यावर बसवलं आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. त्यांना सांगितलं, की त्या शब्दामुळे तू मला एक दिवस जास्त मिळालीस. कोल्हापूर ते नाशिक सबंध वाटभर तू जिवंत होतीस.

हे पत्र घडी घालून मी पर्समध्ये ठेवणार आहे. तुझा मला ठाऊक असलेला पत्ता हा एकच, आणि उद्यापासून इथे दुसऱ्यांची पत्रं येतील. खालांना मी 'विकलं म्हणेन' असा शब्द दिला आहे. पण खरं सांगू? त्या आपल्या घरी परतल्यावर मी दार लावून घेतलं आणि भिंतीला तोंड लावून हळूच म्हटलं, वाढलं गं, वाढलं.